चहा गार होता का गरम?

पुणे शहरात आजवर जेवढं रक्त सुईवाटे बाहेर आलं असेल, त्यातलं निम्मं तरी माझ्या साडूंनी काढलेलं आहे. आणि त्याच काळात माझ्या अंगात जेवढं होतं, तेवढं मी त्यांच्यावर जळून आटवलेलं आहे. हे मी आज मोकळेपणानं सांगतो, कारण आता ते लपवण्यात अर्थ राहिलेला नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. स्वारगेटला डेपोच्या मागच्या गल्लीत त्यांची रक्त-लघवी तपासायची एक खोली आहे. खोलीत एक बाक, एक फ्रीज, एक घरघरणारं यंत्र आणि भिंतीवर 'कृपया किंचाळू नये, शेजारी शिकवणी आहे' अशी पाटी. मी मात्र जीवरसायनशास्त्रातला पीएच.डी. माणसाच्या अंगात चरबी का साठते आणि त्या साठवणीचा हिशेब ठेवणारी प्रथिनं रक्तात कशी फिरतात, यावर मी हडपसरच्या पुढच्या एका संशोधन संस्थेत आयुष्य घालवलं. विषयाशी मी किती एकरूप झालो होतो ते माझ्या पॅन्टची कंबर बघून कोणालाही कळावं. तर असा मी, आणि असे ते. आणि तरी सासरी मान कोणाला, तर त्यांना.

साडू माणसाचा चेहरा आधी बघत नाहीत, कोपर बघतात. कोणी नमस्काराला हात पुढे केला की यांची नजर मनगटावरून वर चढत कोपराच्या खळग्यात जाऊन बसते. माझ्या लग्नात, म्हणजे जिथे आमची पहिली भेट झाली तिथे, त्यांनी माझा हात हातात घेतला, अंगठ्यानं जरा दाबला आणि सासऱ्यांना म्हणाले, "मुलगा हुशार दिसतो, पण शीर सापडणार नाही." पुढे एका भाच्यासाठी मुलगी बघायला गेलो होतो. सगळे शिक्षण, पगार, अमेरिकेला जायची तयारी वगैरे विचारत होते. पोह्यांची बशी देताना मुलीचा हात पुढे आला आणि साडू एकदम उजळले. घरी परतताना म्हणाले, "नाही म्हणू नका. दोन्ही हातांना सरळ शिरा आहेत. सोन्यासारखी मुलगी." सासूबाईंनी हे म्हणणं गंभीरपणे घेतलं आणि लग्न ठरलं. मी त्याच मुलीबद्दल आदल्या आठवड्यात दहा मुद्दे मांडले होते, ते ऐकताना सासूबाई लसूण सोलत होत्या.

त्यांच्या हाताला खरंच काहीतरी वरदान असावं. सुई टोचायची वेळ आली की ते स्वयंपाकाचा विषय काढतात. "तुमच्याकडे आमटीला काळा मसाला का गोडा?" समोरचा माणूस, विशेषतः समोरची बाई, या प्रश्नावर गप्प बसूच शकत नाही. ती म्हणते, "छे हो, काळा कसला, आमच्याकडे गोडाच, पण त्यात थोडं..." आणि त्या 'थोडं'वर साडू तिच्या हातावर कापसाचा बोळा दाबून मोकळे झालेले असतात. माझी बायको त्यांच्याखेरीज कोणाकडून रक्त काढून घेत नाही. एकदा मी सहज म्हटलं, "अगं, मीही रीतसर प्रशिक्षण घेतलेलं आहे." तर म्हणाली, "तुम्ही कागदावर ठीक आहात. टोचायला भाऊजीच हवेत." आमच्या संसारात याहून कडू वाक्य बोललं गेल्याचं मला आठवत नाही.

दुसरी त्यांची ख्याती म्हणजे उपाशीपणाची परीक्षा. काही तपासण्यांना बारा तास पोट रिकामं लागतं, आणि पुण्यातल्या माणसाला 'उपाशी आहात ना?' असं विचारलं तर तो दुखावल्यासारखा 'म्हणजे काय!' म्हणतो. म्हणून साडू तो प्रश्न विचारतच नाहीत. हातावर पट्टा बांधता बांधता विचारतात, "सकाळचा चहा गार होता का गरम?" आणि निवृत्त प्राचार्यसुद्धा बेसावधपणे सांगून जातात, "गरम होता हो, आमच्याकडे गार चालत नाही." साडू पट्टा सोडतात. "उद्या या." त्यातूनही कोणी निसटलाच, तर रक्त त्या घरघरणाऱ्या यंत्रात फिरवल्यावर वर जे पिवळसर पाणी येतं, त्याची नळी ते वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातींवर धरतात. पोट खरंच रिकामं असेल तर पाणी स्वच्छ, आणि पलीकडचं 'दोन खोल्या भाड्याने देणे आहे' हे नीट वाचता येतं. आदल्या रात्री तूप-दूध झालेलं असेल तर पाणी दुधाळ, आणि जाहिरात गायब. मग फोन करून सांगतात, "तुमची बासुंदी छान झाली होती, पण ती माझ्या नळीत नको होती." आमच्या संस्थेत हेच काम करणारं परदेशी यंत्र होतं. ते बोलत नसे, म्हणून त्याला कोणी घरी जेवायला बोलावत नसे.

आणि जेवण! खरा हेवा इथे. साडू काडीसारखे. गाल बसलेले, दंडावर आणि पोटऱ्यांवर शिरा दोऱ्यांसारख्या उठलेल्या. अंगावर चरबी म्हणून काही नाही. आणि खाणं असं की पुरणपोळीच्या दिवशी सासूबाई कणीक मळतानाच विचारायच्या, "मोठे जावई येणार आहेत ना?" नऊ पोळ्या तुपाबरोबर आणि वर 'एक दुधाबरोबर, चवीपुरती'. सासूबाईंचा चेहरा तेव्हा असा काही फुलायचा की बघवत नसे. माझ्या ताटात दुसरी पोळी पडायच्या आत बायकोचा हात मध्ये यायचा, आणि सासूबाई मायेनं म्हणायच्या, "तुम्हाला वेगळी दुधीची भाजी केली आहे हो." चरबीचं शास्त्र माझं, आणि दुधीही माझाच. मी एकदा जेवताना सगळ्यांना समजावून सांगायला बसलो की चरबीच्या पेशी रक्तात लेप्टिन नावाचं एक प्रथिन सोडतात, कोठार भरत आलं की ते मेंदूला निरोप देतं, आता बास. पाच मिनिटं झाली तरी कोणी मान वर केली नाही. साडू म्हणाले, "म्हणजे वाढणाऱ्या बाईला आतून कोणीतरी 'पुरे' म्हणून ताटावर आडवा हात धरतं, तसं." सगळे एका सुरात म्हणाले, "हां! असं सांगा ना!" ते मला सगळ्यांदेखत 'डॉक्टर' म्हणायचे, तोही मला टोमणाच वाटायचा.

पण वेळ माझ्यावर आलीच. हडपसरजवळच्या मांजरी गावात तेव्हा उसाच्या शेतांमधून इमारती उगवत होत्या. ज्यांनी कालपर्यंत ऊस तोडला, ते लिफ्टनं पाचव्या मजल्यावर जाऊ लागले होते, आणि त्यांच्या शेजारी विदर्भातून आलेली, संगणकासमोर बसून पगार घेणारी मुलं राहत होती. दोन्हींकडे पोटं सुटत होती. आमच्या संस्थेनं ठरवलं की या लोकांच्या रक्तातली ती प्रथिनं तपासायची. जाड किती, बारीक किती, फरक काय. प्रकल्प माझा होता, आयुष्यातला पहिला स्वतःचा. पहिल्या रविवारी इमारतीखालच्या हॉलमध्ये मी स्वतः सुई हातात घेतली. एका मुलाला तिसऱ्यांदा टोचल्यावर तो पांढराफटक पडून म्हणाला, "सर, आय ॲम सो सॉरी, पण मला नाही जमणार. दुसरं कोणी आहे का?" त्याच्यामागे बसलेल्या एका आजीबाईंनी तर उठून पदर खोचला आणि मला सुनावलं, "सुई खुपसतुयास का खिळा ठोकतुयास रं? म्या न्हाई देत जा." पुढच्या रविवारी तीनच माणसं आली, त्यातली दोन पत्ता विचारायला. संचालकांनी बोलावून सांगितलं की महिन्याभरात रक्त जमलं नाही तर प्रकल्प बंद होईल.

तेव्हा मी स्वारगेटला गेलो. बाकावर बसून एका पेशंटची आमटी ऐकली, मग तो गेल्यावर मान खाली घालून सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, निदान एक टोमणा येईल. साडू नुसते म्हणाले, "रविवारीच ना? येतो की. मला फक्त जाताना उसाचा रस पाजा. दोन ग्लास." आणि ते आले. तिसऱ्या रविवारपर्यंत हॉलबाहेर रांग लागली. ती संगणकवाली मुलं 'अंकल, अंकल' करत त्यांच्याभोवती. त्या आजीबाई तर लेक, सुना, नातवंडं, अख्खं घर घेऊन आल्या आणि साडूंकडे बघून मला म्हणाल्या, "हा बग. हा खरा डागदर हाय." मी रांगेतल्या लोकांना नंबराच्या चिठ्ठ्या वाटत होतो.

साडू रक्त काढायचे आणि शेजारी एका लांब वहीत नंबरापुढे काहीतरी खरडायचे. संध्याकाळी ती माझ्यापुढे धरायचे, पण मी ती वही कधी उघडली नाही. खरं कारण सांगतो: ती त्यांची होती म्हणून. शास्त्रीय कामात असल्या गावगप्पांना जागा नाही असं मी स्वतःला बजावलं होतं. शेवटच्या रविवारी बारीक लोकांच्या यादीत एक माणूस कमी पडला. साडूंनी बाही वर केली, पट्टा दातांत धरून आवळला आणि डाव्या हातानं स्वतःच्या उजव्या हाताचं रक्त काढलं. "घ्या, झाली यादी पुरी. उपाशीच आहे, काळजी नको." हॉलमध्ये टाळ्या पडल्या. मी मनात म्हटलं, हेसुद्धा यांना जमतं. त्यांनी नळी यंत्रात फिरवली, बाहेर काढली, आणि नेहमीसारखी जाहिरातींवर न धरता झटकन डब्यात ठेवून दिली. ते माझ्या लक्षात आलं. पण टाळ्यांचा राग जास्त होता.

पुढचे काही महिने माझ्या आयुष्यातले सर्वांत आनंदाचे. तपासणीत मला एक नवल सापडलं होतं. मांजरीतल्या बारीक लोकांपैकी सहाजणांचं रक्त चक्क दुधाळ होतं, चरबीनं भरलेलं. आणि तेही उपाशीपोटी. बाहेरून काडी आणि आतून लोणी! मी निबंधाचं नावसुद्धा ठरवलं. परदेशात वाचायचा तर कोट शिवावा लागेल म्हणून शिंप्याकडे माप देऊन आलो. आणि मग न राहवून सासरी पुरणपोळीच्या दिवशी ताटावरच ही बातमी जाहीर केली. पहिल्यांदाच सगळे माझ्याकडे बघत होते. सासूबाईंनी न विचारता मला दुसरी पोळी वाढली. साडू तेवढे ताटाकडे बघत होते. जेवणं झाल्यावर गॅलरीत आले आणि हळूच म्हणाले, "डॉक्टर, वही बघितलीत का हो?"

वही त्यांनी पिशवीतून आणलीच होती. मी सहा नंबर सांगत गेलो, ते बोट ठेवत गेले. पहिले पाच एकाच घरातले, त्या आजीबाईंच्या. प्रत्येकापुढे साडूंच्या बारीक अक्षरात लिहिलेलं: 'आदल्या दिवशी बारसं. उरलेली बासुंदी नासेल म्हणून सकाळी वाटीभर. म्हणे, खाल्लं नाही, प्यायलो. दुधाळ. पुन्हा घ्यावं.' पाचही ठिकाणी 'पुन्हा घ्यावं'खाली दोन रेघा. पातळ पदार्थ पोटात गेला तर तो जेवणात धरायचा नाही, हा त्या घराचा नियम; आणि त्या नियमावर मी कोट शिवायला टाकला होता. माझ्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. वाचवायला काही उरलंय का म्हणून मी वैतागून विचारलं, "आणि सहावा? यादीतला शेवटचा? त्याच्यापुढे काहीच लिहिलेलं नाही. यानं काय गिळलं होतं?"

"काही नाही," साडू म्हणाले. "तो खरंच उपाशी होता."

मला कळायला जरा वेळ लागला. यादीतला शेवटचा माणूस कोण, ते आठवलं तेव्हा ते रस्त्यावरची वाहतूक बघत उभे होते. "सात वर्षं झाली," ते म्हणाले. "दर वर्षी स्वतःचं काढतो. दर वर्षी जाहिरात दिसत नाही. म्हटलं, बघू या तुमचं यंत्र काय म्हणतंय." मी म्हटलं, "अहो, मग बोलला का नाहीत?" तर म्हणाले, "कोणाला बोलणार? सासूबाई तूप वाढताना इतक्या आनंदात असतात."

दुसऱ्या दिवशी संस्थेत जाऊन मी त्यांचे आकडे पहिल्यांदा नीट पाहिले. चरबी साठवायची जागाच त्यांच्या अंगात नव्हती. जी कातडीखाली गुपचूप बसायची, ती रक्तात वणवण फिरत होती आणि यकृतात जाऊन ठाण मांडत होती. कोठार नाही, म्हणून 'बास' म्हणणारं ते प्रथिन जवळजवळ नाहीच. म्हणजे आतून ताटावर आडवा हात धरणारं कोणी त्यांना मिळालंच नव्हतं. ज्या भुकेचं आम्ही सगळ्यांनी कौतुक केलं, ज्या भुकेवर मी इतकी वर्षं जळलो, ती भूक म्हणजे कधीच न पोचलेला एक निरोप होता. मी टेबलाशी बसून रडलो. संशोधकानं आकड्यांवर रडू नये, पण मला दुसरं काही सुचलं नाही.

त्यांना मोठ्या डॉक्टरांकडे मीच घेऊन गेलो. तिथून परत येताना स्कूटरवर मागे बसून त्यांनी माझ्याकडून सगळं समजावून घेतलं आणि मग त्यांच्या पद्धतीनं सांगितलं, "म्हणजे डॉक्टर, माझी चरबी बिचारी बेघर, रस्त्यावर हिंडतेय. आणि तुमच्याकडे तीन बेडरूमचा फ्लॅट." मी हसलो नाही. तेव्हा ते म्हणाले, "एक सांगू? मला तुमचा फार हेवा वाटायचा." मी स्कूटर कडेला घेतली. "माझा?" "हो. तुम्ही एकच पोळी खाता, पाटावर मागे सरता आणि ढेकर देता. काय समाधान असतं हो त्या तोंडावर! मला ते कधी आलंच नाही. नवव्या पोळीनंतरसुद्धा मी उठायचो ते फक्त पोळ्या संपल्या म्हणून."

आता सासरी आम्हा दोघांनाही दुधी असतो. साडूंना तूप बंद, साखर बंद, पोळी मोजून. सासूबाई कणीक मळताना काही विचारत नाहीत. उलट त्या हल्ली कोणासाठी तरी करावं म्हणून मलाच दुसरी, तिसरी पोळी वाढतात, आणि बायकोचा हातही मध्ये येत नाही. इतकी वर्षं मी याचीच वाट बघत होतो. पण समोर नऊ पोळ्या हाणणारा माणूस नसला की माझी दुसरीही घशाखाली उतरत नाही. मला त्यांच्यावर जळायची सवय झाली होती, आणि ती सवय मला फार आवडत होती, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. साडू समोरून विचारतात, "पुरणात वेलदोडा आहे का जायफळ?" मी सांगतो. ते डोळे मिटून मान हलवतात.

दर तीन महिन्यांनी त्यांचं रक्त तपासावं लागतं. पहिल्या खेपेला मी म्हटलं, तुमच्या ओळखीच्या कोणाकडून तरी काढून घ्या. ते थेट माझ्या घरी आले, खुर्चीत बसले आणि बाही वर केली. "तुम्ही काढायचं." मी म्हटलं, "अहो, मला जमत नाही, सगळ्या मांजरीला माहीत आहे." तर स्वतःच्या दंडावरची ती दोरीसारखी शीर दाखवून म्हणाले, "अख्ख्या पुण्यात तुम्हाला सापडेल अशी ही एकच शीर आहे. सोडू नका." बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. साडूंनी मान पलीकडे वळवली आणि डोळे घट्ट मिटले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की या माणसाला सुईची भीती वाटते. म्हणूनच आजवर आपलं रक्त त्यांनी दुसऱ्या कोणाला काढू दिलं नव्हतं.

मी पट्टा बांधला. "सकाळचा चहा गार होता का गरम?" मी विचारलं.

"नव्हताच," ते डोळे मिटूनच म्हणाले.

"बरं. आमटीला काळा मसाला का गोडा?"

"गोडा. पण आमची ही त्यात थोडं..."

"झालं," मी म्हटलं. त्यांनी डोळे उघडून आधी हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग दारातल्या माझ्या बायकोकडे, आणि तिला म्हणाले, "बघितलंस? एका टोचण्यात." पुढच्या महिन्यात तिचं रक्त काढायचं होतं तेव्हा तिनं माझ्यासमोर हात धरला. मी तिला साडूंकडेच पाठवलं. टोचण्याचा तो मान त्यांचा आहे, त्यांच्याकडेच राहावा.

परवा त्यांच्या खोलीवर गेलो होतो. या खेपेची नळी यंत्रातून काढून त्यांनी माझ्या हातात दिली, आणि आम्ही दोघं खिडकीशी वर्तमानपत्र पसरून त्यावर वाकलो. पाणी अजून गढूळच होतं. पण बराच वेळ डोळे ताणल्यावर पलीकडचं 'दोन खोल्या' एवढं मला वाचता आलं. "पुढे?" त्यांनी विचारलं. वाचायचं काम माझ्याकडे यावं म्हणून आपला चष्मा त्यांनी मुद्दामच काढून ठेवला होता. "पुढचं अजून दिसत नाही," मी म्हटलं. ते म्हणाले, "असू दे, पुढच्या वेळी वाचू," आणि बाकावर माझ्यासाठी जागा करून दिली.